जनीचा हिशेब जनीच्या तोंडून

हिंगोली जिल्ह्यातले कयाधूकाठचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते आणि आता गावाच्या नावातच नामदेव आहेत. परंपरा त्यांचा जन्म शके ११९२ची, म्हणजे इ.स. १२७०ची कार्तिक शुद्ध एकादशी असा सांगते. इथे वारकरी येतात तसे शीख भाविकही येतात, कारण नामदेवांची पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पण ज्या घरात नामदेव वाढले त्या घरातल्या बायकाही बोलत होत्या. आई गोणाई, बायको राजाई आणि गंगाखेडहून नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या पंढरपूरच्या घरी कामाला आलेली जनी, या तिघींच्या नावांवर अभंग आहेत. १ मे १९९९ला हिंगोली वेगळा जिल्हा होईपर्यंत नरसी आणि गंगाखेड दोन्ही परभणी जिल्ह्यातच होती, म्हणजे नामदेव आणि जनी एकाच मुलखाचे. माझे म्हणणे या तिघींतल्या जनीच्या आधाराने उभे आहे. उतारवयातली बाई स्वतंत्र आहे की नाही हे तिने तरुणपणी काय निवडले यावरून ठरवू नये. आपल्या आयुष्याचा हिशेब ती स्वतः मांडते की तिच्या वतीने दुसरेच कोणी मांडतात, यावरून ते ठरवावे. माझ्या भाचीला हे मान्य नाही. तिचे आक्षेप वरवरचे नाहीत, म्हणून ते तिच्याच शब्दांत देते.

भाची म्हणते, “मावशी, तू उदाहरणच चुकीचे निवडलेस. जनीने काय निवडले? लहान पोर असताना आईबापांनी तिला दुसऱ्याच्या दारी ठेवले. दळण, कांडण, झाडलोट, शेणगोठा तिच्या वाट्याला आला. लग्न झाले नाही, तेही तिने ठरवले म्हणून नाही. विठ्ठलभक्ती म्हणशील, तर त्या घरात दुसरे होते तरी काय? जिला एकदाही ‘तुला काय हवे’ असे कोणी विचारले नाही, तिला स्वतंत्र म्हणायचे म्हणजे गुलामीला हार घालायचा. स्वतंत्र बाई पाहायची असेल तर दुर्गाबाई भागवतांकडे पाहा. लग्न केले नाही, कुणाची चाकरी मनावर घेतली नाही, १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष म्हणून आणीबाणीला विरोध केला, तुरुंगात गेल्या, पुढे सरकारी सन्मानही नाकारला. याला म्हणतात निवड.”

दुर्गाबाईंबद्दल ती म्हणते त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण निवड हेच माप धरले तर त्या मापात किती जणी बसतात, ते आधी पाहू. दुर्गाबाईंना शिक्षण देणारे घर होते, मुंबईसारखे शहर होते, ग्रंथालये होती. या गोष्टींनी त्यांचे धैर्य कमी ठरत नाही. पण ज्यांच्याकडे यातले काहीच नव्हते त्यांनी काय करायला हवे होते, याचे उत्तर दुर्गाबाईंच्या आयुष्यात सापडत नाही. मराठवाड्यातल्या साठी ओलांडलेल्या बहुतेक बायकांचे लग्न त्यांना विचारून झालेले नाही. किती मुले, कोणते पीक, घर कुठे बांधायचे, यातलेही बरेचसे त्यांना विचारून ठरलेले नाही. निवड हीच अट घातली तर या सगळ्या जणी पहिल्या पायरीवरच बाद होतात. स्वातंत्र्य मग थोड्या भाग्यवान बायकांचे राखीव होते आणि बाकीच्यांबद्दल कणव बाळगण्यापलीकडे काही उरत नाही. शिवाय दुर्गाबाईंनीच आयुष्यभर कोणाकडे लक्ष दिले? लोककथा, लोकगीते, आदिवासींच्या रीती, बायकांचे स्वयंपाकघरातले शहाणपण यांकडे. ‘खमंग’ हे पाककृतींचे पुस्तकही त्यांच्याच हातचे. जिला निवडता आले तिने निवडता न आलेल्यांच्या बोलण्याला ज्ञानाचा दर्जा दिला, ही गोष्ट भाचीच्या बाजूने जात नाही.

आता जनीकडे. तिच्या अभंगांत विठ्ठल येतो तो तिच्या कामात येतो. तो दळू लागतो, शेणी वेचू लागतो, तिच्यासोबत झाडतो. भक्तीचा महिमा म्हणून हे आपण इतक्यांदा ऐकले आहे की त्यातली दुसरी गोष्ट नजरेतून सुटते. घरकामाची एकेक पायरी तिथे नाव घेऊन सांगितली आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या मोलकरणीचा दिवस कसा जात होता हे एखाद्या ताम्रपटात सापडणार नाही, बखरीत तर नाहीच. तिला आयुष्य निवडता आले नाही हे खरे. पण त्या आयुष्यात काय मोलाचे आणि काय सोसायचे, हे तिने कोणाला ठरवू दिले नाही. पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही जनीचे म्हणून जाते दाखवतात. ज्या घरचे पीठ तिने दळले त्या घराच्या नावाने ते जाते ओळखले जात नाही.

यावर भाची म्हणते, “पण तिची सही पाहा ना, मावशी. ‘नामयाची दासी’! स्वतःचे नाव घ्यायच्या आधी धन्याचे नाव. आणि जनीच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग सांगतात, त्यांतले तिचे किती आणि मागाहून दुसऱ्या कोणी तिच्या नावावर घातलेले किती, हे कोण सांगणार? ते जपले कुणी, तर नामदेवांच्या गाथेने. म्हणजे तू जिला हिशेब मांडणारी म्हणतेस तिची वहीसुद्धा तिच्या हातात नव्हती.”

कर्तृत्वाचा प्रश्न अभ्यासकांनी उपस्थित केलेला आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. एका नावाखाली अनेक कंठ एकत्र झाले असण्याची शक्यता मी मान्य करते. पण त्याने माझी बाजू पडत नाही, उलट तिला बळ येते. पुढच्या काळातल्या अनामिक बाईला किंवा पुरुषाला दळण-कांडणाचे बोल बोलायचे होते, तेव्हा ते जनीच्याच नावावर घालावेसे वाटले, कारण त्या अनुभवावर तिचा हक्क सर्वांनी मानलेला होता. सहीतली दासी मलाही खुपते. मात्र त्याच जनीच्या नावावर आणखी एक अभंग आहे. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले याची त्यात यादी आहे, आणि जनीपाशी येताच लेखनिक म्हणून पांडुरंगाचे नाव येते. अक्षर न शिकलेल्या बाईने सांगायचे आणि देवाने बसून लिहायचे, हे चित्र ज्या मनाने रंगवले त्या मनाला आपली जागा नक्की माहीत होती. वही हातात नसणे आणि मजकूर आपला नसणे यांत फार अंतर आहे. बहिणाबाई चौधरींची वहीही त्यांच्या हातात नव्हती. नवरा गेला तेव्हा त्या तिशीच्या होत्या. पुढची चाळीस वर्षे शेत, घर आणि मुले सांभाळत जे रचले ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका आप्ताने टिपून ठेवले आणि बहिणाबाई वारल्यावर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आले. ती गाणी सोपानदेवांची आहेत असे कोणी म्हणत नाही.

भाचीचा तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. ती म्हणते, “मावशी, माणूस म्हातारपणी मागे वळून पाहतो तेव्हा जे नाइलाजाने झाले तेच आपल्याला हवे होते असे स्वतःला पटवतो. नाहीतर जगणार कसे? ओव्यांत भावाचे केवढे कौतुक! भाऊ येणार, माहेरी नेणार, चोळी-लुगडे देणार. आणि तीच बहीण भावाला हक्कसोड लिहून देते, वडिलांच्या जमिनीतला वाटा सोडते. पुढे साठीत विचारले तर म्हणते, मी राजीखुशीने सोडला. असला हिशेब खरा धरायचा? जिच्याकडून घेतले तिच्याच तोंडून ‘दिले’ असे वदवून घेणे आहे हे.”

हक्कसोडीची गोष्ट तिने काढली हे बरे झाले, कारण मराठवाड्याच्या खेड्यातल्या वयस्क बाईच्या आयुष्यात ‘तुझी निवड’ म्हणून जे तिच्यापुढे ठेवले गेले, त्यात ही सही पहिली येते. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीने वाटा दिला, केंद्राने तो २००५ साली दिला आणि वडील २००५ साली हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्माने आहे असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२०मध्ये सांगितले. तरीही हक्कसोडपत्रे होत राहतात, कारण कायद्याने दिलेला वाटा घेतला तर माहेर तुटते ही भीती खरी आहे. नवऱ्याने टाकले, मारले, तो मेला, तर परत यायला एकच दार असते आणि ते भावाचे असते. बहिणीने त्या दाराची किंमत एकरांत मोजली. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तिच्यापुढे होते तेवढ्या पर्यायांत तिने केलेला तो विचार होता. पुढे त्या दाराचा उपयोग झाला की नाही, हे मात्र तिला साठीत कळते, विशीत नाही. म्हणून मागे वळून पाहण्याला मी मनाची समजूत म्हणत नाही. व्यवहार पुरा झाल्यावरच त्याचा हिशेब लागतो, आणि तो व्यवहार केलेल्या बाईशिवाय कोणालाही लावता येत नाही.

समजूत आणि हिशेब यांत फरक कसा ओळखायचा, हा प्रश्न तरीही उरतो. माझी कसोटी अशी की बोलण्यात तक्रार आहे का ते पाहावे. नुसती समजूत घालणारी व्यक्ती तक्रार वगळते. जनी वगळत नाही. ती विठ्ठलाला अशा शब्दांत झाडते की ते आज भर कीर्तनात ऐकले तरी नवखा माणूस दचकेल. राजाईच्या नावावरचे अभंग तर सरळ संसाराची फिर्याद आहेत. घरात दाणा नाही, पोरांच्या अंगावर वस्त्र नाही आणि धनी देवळात. गोणाई देवाशी भांडते की तू माझा मुलगा पळवलास. ज्याला सारा मुलूख संत म्हणतो त्याच्या आईने आणि बायकोने केलेली ही फिर्याद त्याच्याच गाथेत राहिली. वारकरी परंपरेने ती गाळली नाही, आणि मला ही त्या परंपरेची फार मोठी गोष्ट वाटते. ओव्यांचेही तसेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत भावाचे कौतुक आहे तसे भावजयीच्या राज्यात बहिणीला परके वाटल्याचे दुःखही आहे, सीतेच्या वनवासाआडून सांगितलेला स्वतःचा वनवास आहे, आणि बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्यांत तर जुने आयुष्य टाकून नवे घेतल्याचा उघड आनंद आहे. भाची ज्यांना मन रमवणारी गाणी म्हणते त्यांतच हा सारा तपशील आहे. तो ऐकायचा तर भावाच्या ओवीपाशी थांबून चालत नाही.

तरी तिच्या आक्षेपातला एक भाग मला मान्य करावाच लागतो. प्रत्येक हिशेबात काही रकमा लिहायच्या राहतात. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तक झाले. महारवाड्यातल्या बायकांचे जिणे इतक्या उघडपणे त्याआधी क्वचितच कोणी लिहिले होते. पुढे एका मुलाखतीत त्यांनी सांगितले की दुकानात बसून लिहिलेले हे कागद त्यांनी नवऱ्यापासून आणि मुलापासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले होते. समाजाचे दुःख त्या पुस्तकात पानोपानी आहे. स्वतःच्या संसारातले पुष्कळसे त्या मुलाखतीतच बोलल्या. म्हणजे ऐकणारा कोण आहे यावर सांगणे अवलंबून असते. मुलगा शेजारी बसलेला असताना आईला हक्कसोडीबद्दल विचारले तर ती ‘राजीखुशीने’ म्हणेल, कारण कागदावर तेच लिहिलेले आहे आणि घरात तेच चालते. तेच तिच्या भाचीने किंवा नातीने दोघीच असताना विचारावे. या उत्तरांतले खरे कोणते असे मला विचाराल, तर दोन्ही ऐकून घ्या एवढेच मी सांगेन.

आणखी एक आक्षेप भाचीचा नाही, माझ्या वयाच्या मंडळींचा आहे. ते म्हणतात, उतारवयात बाईला स्वातंत्र्याचे वेड कशाला? मुले-नातवंडे आहेत, एका ताटात जेवावे, नाव काढावे. माणसांत राहण्याला माझा विरोध नाही. जनीसुद्धा भरल्या घरात राहिली. पण एका छताखाली राहणारी बाई काही बोलूच नये, हा त्या सल्ल्यात दडलेला भाग मला मान्य नाही. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सर्व ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितले. नवरा गेल्यावर बाईने कसे दिसावे हे तोवर सारे गाव ठरवत होते, आणि ते ठरवणारी माणसे बहुतेक तिच्याच भरल्या घरातली होती.

भाचीचे शेवटचे म्हणणे असे. “मावशी, हिशेब सांगून पोट भरत नाही. नरसीच्या शिवारात हळद निंदणाऱ्या, सोयाबीन कापणाऱ्या साठीतल्या बाईला अभंगाचा काय उपयोग? तिला सातबाऱ्यावर नाव दे, हातात पैसा दे. मग ती आपोआप बोलेल.” यातल्या मागणीशी माझा काडीचाही वाद नाही. २०१५-१६च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी बायकांच्या नावे सुमारे १४ टक्केच निघाली, आणि शेतातले काम कोण किती करते हे हिंगोलीच्या कोणत्याही बांधावरून दिसते. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला, परित्यक्तेला दरमहा १,५०० रुपये मिळतात, तेही कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर. इतक्या पैशांत औषधपाणी भागत नाही. हे वाढलेच पाहिजे.

पण ‘आपोआप बोलेल’ हे मला पटत नाही. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातली सर्वांत वडील स्त्री कुटुंबप्रमुख ठरली. तिचे नाव सर्वांत वर आले, तरी धान्य विकायचे की ठेवायचे हे किती घरांत तिला विचारतात? ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावण्याची सोय महाराष्ट्रात आहे. शेतकरी संघटनेने १९८६च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि अनेक गावांत शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. हे सगळे मोलाचे आहे. मात्र दिलेले नाव हक्कसोडीच्या एका सहीने परतही जाते, आणि ती सही घेताना तिला कोणी विचारत नाही असे नाही. विचारतात, पण उत्तर आधीच लिहून आणलेले असते. कागदावर नाव आणि तोंडात शब्द या दोन्ही गोष्टी बरोबरच लागतात. एक मिळाली की दुसरी मागून येईल या भरवशावर आपल्या आधीच्या दोन पिढ्या गेल्या.

निराधार योजनेतल्या बाईला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ती जिवंत आहे एवढी नोंद सरकारला पुरते, आणि कामापुरते ते ठीकही आहे. बाकीचे विचारायचे काम आपले आहे. वाटा सोडला तेव्हा काय वाटले होते, त्या बदल्यात काय मिळेल असे वाटले होते, ते मिळाले का, आज पुन्हा सही करशील का? एखादी म्हणेल, हो, करीन, माझ्या भावाने मला कधी उणे पडू दिले नाही. तर तिचे उत्तर तसेच मान्य करावे. तिच्या वतीने तिच्यावर अन्याय झाल्याचे आपण ठरवू नये. भाचीला हे जड जाते आणि इथे आमचे जमलेले नाही. दुसरी म्हणेल, नाही, करणार नाही. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र तिला आता सहजी मागे घेता येणार नाही, तिचा वाटा गेला. तिच्या उत्तराचा उपयोग तिच्या घरात अजून सही न केलेल्या मुलीला आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाण्याआधी त्या मुलीने ते आत्याच्या, आजीच्या किंवा मावशीच्या तोंडून ऐकले आहे की नाही, यावर कोरडवाहू दोन-तीन एकर कोणाच्या नावावर राहणार ते ठरते.